जुनी सायकल घेताना आणि दुरुस्तीला टाकताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

परभणीच्या आमच्या दुकानासमोर टेम्पो थांबतो, त्यातून धुळीनं माखलेली दांडीची सायकल उतरते आणि मालक पहिलं वाक्य बोलतात, "आजोबांची आहे, रंग मारून एकदम नव्यासारखी करून द्या." नव्यासारखी करायला पुष्कळ दुकानं आहेत. आम्ही जुनी सायकल चालती करून देतो, जुनीच ठेवून. हे आधी सांगितलेलं बरं, म्हणून हा कागद छापलाय. वाचून पटलं तर सायकल आणा.

कुठं शोधायची

आधी घरात. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत सायकल सहसा टाकून देत नाहीत, नुसती बाजूला लावतात. ढाळजेत, गोठ्यात, कडब्याच्या गंजीमागं किंवा माळवदाच्या जिन्याखाली ती उभी असते आणि तिच्यावर कुणीतरी पोती टाकलेली असतात. ज्या घरात एखादे गुरुजी, पोस्टमन, तलाठी किंवा आडतीवरचे मुनीम होऊन गेले, तिथं हमखास विचारा. पूर्णा हे रेल्वेचं गाव, तिथल्या जुन्या रेल्वेवाल्यांच्या घरांतून आम्हाला चांगल्या सायकली मिळाल्यात. लग्नात जावयाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल द्यायची रीत होती, त्यातल्या सायकली तर आयुष्यभर जपलेल्या असतात. मडगार्डवर कधी कधी नगरपालिकेच्या कराचा बिल्लाही सापडतो. तो काढून फेकू नका.

आपल्याकडची कोरडी हवा या कामात मदतीला येते. कोकणात दहा पावसाळ्यांत जेवढा गंज चढेल तेवढा इथं चढत नाही, त्यामुळं सांगाडे शाबूत मिळतात. पण याच उन्हानं रबर कडक होतं आणि कातडी सीट तडकते. म्हणजे लोखंड चांगलं आणि बाकी सगळं वाळलेलं, असा माल आपल्याकडं जास्त.

दुसरी जागा भंगारवाला. तो सायकल किलोवर घेतो. जुनी दांडीची सायकल साधारण वीस किलोची, आणि काट्यावर इंग्लंडची सायकल नि परवाची मोडकी सायकल सारखीच. तिथून माल जालन्याकडं निघाला की संपलं. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि त्याच्या बांधकामाच्या सळया होतात. कुणाच्या स्लॅबमध्ये किती सायकली गेल्या असतील, देवालाच ठाऊक. तेव्हा ओळखीच्या भंगारवाल्याला सांगून ठेवा, "दांडीची, सळईच्या ब्रेकची आली तर बाजूला ठेव." किलोच्या भावावर थोडं जास्त दिलंत की तो आनंदानं फोन करतो.

मोबाइलवर "अँटिक पीस" म्हणून फोटो टाकून विकणारे बरेच झालेत. फोटोवरून सायकल घेऊ नका, एवढंच सांगतो.

खरी की नावापुरती

नेमप्लेट बघून किंमत देणारे फसतात, कारण प्लेट दोन स्क्रूनं बदलता येते. चेनव्हील, म्हणजे पायडलजवळचं मोठं दातेरी चक्र, बघा. रॅले, रज, हंबर, बीएसए ही जुनी इंग्लंडची नावं. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळा कापलेला असतो, रजच्या चेनव्हीलमध्ये उघडा पंजा, हंबरमध्ये हातपाय पसरलेली माणसं. हंबरची आणखी एक खूण अशी, की पुढच्या चिमट्याला (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला) दोन्ही बाजूंनी एकेकाऐवजी दोन-दोन नळ्या. बीएसए ही मुळात बर्मिंगहॅमची बंदुकांची कंपनी, म्हणून तिच्या खुणेत तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या दिसतात. चेनव्हील आणि प्लेट यांची जात जुळत नसेल तर सायकल जोडाजोडीची आहे. जोडाजोडीची सायकल वाईट असते असं नाही, पण तिला अस्सल मालाचा भाव देऊ नये.

मागच्या हबमधून (चाकाच्या मधल्या नळीतून) बारीक साखळी बाहेर येत असेल आणि हँडलवर गिअरची छोटी मूठ असेल, तर तुमच्या हाती स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब लागलाय. त्याच्या नळीवरची धूळ पुसा. बहुतेक वेळा तिथं आकडे कोरलेले असतात: ५७ आणि ८ असे असले तर हब १९५७ च्या ऑगस्टमधला. हा हबचा जन्म झाला, सायकलीचा नव्हे. चाक मागाहून बदललेलं असू शकतं.

इंग्लंडचीच सायकल चांगली हा समज मात्र सोडा. स्वातंत्र्यानंतर सेन-रॅले असनसोलला सायकली करू लागली, मद्रासला टीआयनं (ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स) १९४९ मध्ये कंपनी काढून हर्क्युलस, फिलिप्स, बीएसए या नावांच्या सायकली इथंच बनवायला घेतल्या, सोनीपतला १९५१ मध्ये ॲटलास आणि लुधियान्याला १९५६ मध्ये हीरो उभी राहिली. त्या काळातल्या देशी सायकलींचं लोखंड जाड आणि जोड पितळेनं डाकलेले. दुधाचे चार कॅन लावून त्या वीस-वीस वर्षं चालल्यात. आमच्या मते मराठवाड्यातल्या रस्त्यावर रोज हाणायची असेल तर जुनी ॲटलास ही रॅलेपेक्षा कमी डोकेदुखी आहे, कारण तिचं सामान आजही मिळतं. इंग्लंडात नॉटिंगहॅमला बनलेल्या जुन्या रॅलेच्या बीबीचे (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा एक्सल जिथं फिरतो तो भाग) आटे इंचाला २६, बाकीच्यांचे सहसा २४. एकाची वाटी (छर्रे जिच्यात फिरतात ती) दुसऱ्याला बसत नाही. जबरदस्तीनं बसवली तर दोन्ही जातात.

पैसे देण्याआधी

गंज बघून घाबरू नका, वाक बघून घाबरा. हँडलच्या नळीला दांडी आणि खालची नळी जिथं मिळते, तिथं बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा लागला तर सायकल समोरून आदळलेली आहे. मग सुतळी घ्या. मागच्या चाकाच्या एका बाजूच्या खाचेत बांधा, पुढं हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेत आणा आणि ताणून धरा. सीटच्या उभ्या नळीपासून सुतळीचं अंतर दोन्हीकडं सारखं आलं पाहिजे. एक-दोन सुतांचा फरक (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) काढता येतो, बोटभर फरक असेल तर सायकल तिथंच ठेवा.

सीटची पिन वरखाली होते का, हेही बघा. वर्षानुवर्षं जागेवरून न हललेली पिन नळीत धरून बसते. ती सोडवायला डिझेल आणि चार दिवस लागतात. गावातच हातोड्यानं ठोकून आणलेल्या सायकली आमच्याकडं येतात, तेव्हा नळीचं तोंड फाटलेलं असतं.

व्यवहार झाला की साध्या कागदावर का होईना पावती घ्या आणि तीत फ्रेम नंबर लिहा. नंबर सीटखालच्या जोडावर किंवा मागच्या खाचेजवळ ठोकलेला असतो. विकणारा पावतीला टाळाटाळ करत असेल तर सायकल कितीही देखणी असो, घेऊ नका.

आमच्याकडं आल्यावर

पहिलं काम ओव्हरऑइल. सायकल पूर्ण खोलायची, जुनं ग्रीस रॉकेल-डिझेलनं धुवायचं, वाट्या आणि कोन (एक्सलवरचे निमुळते नट, ज्यांच्यावर छर्रे फिरतात) उजेडात बघायचे. कोनावर खड्डे पडलेले असले तर नवे छर्रे घालून उपयोग नसतो, ते आठवड्यात पुन्हा किरकिरतात. बहुतेक सायकलींत मागच्या चाकाला प्रत्येक बाजूला दोन सुताचे ९ छर्रे, पुढच्याला दीड सुताचे १०, बीबीत दोन सुताचे ११ बसतात. गावाकडनं आलेल्या हबमध्ये ७ सापडणं नेहमीचं. कुणीतरी रस्त्यात खोललेला असतो, छर्रे मातीत गेलेले असतात, उरले तेवढे घालून बंद.

फ्रीव्हीलमध्ये (मागच्या चाकाच्या दातेरी चक्रात) ग्रीस भरायचं नसतं. आतले कुत्रे (चाक पकडणारे छोटे खटके) चिकटतात आणि पायडल मारली तरी चाक ओढत नाही. तिथं पातळ तेल लागतं. चेनला फूटपट्टी लावा: २४ कड्या, पिन ते पिन, बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. अर्धा सूत वाढली तर चेन बदलायची. पूर्ण सूत वाढली तर चेनव्हीलचे दातही गेलेले असतात, आणि बगळ्याच्या चेनव्हीलचे दात गेले तर ते दुःख पैशानं भरून येत नाही.

आता कॉटर. जुन्या सायकलीचा क्रँक (पायडलचा दांडा) बीबीच्या एक्सलला एका तिरप्या पिनेनं धरलेला असतो, तीच कॉटर. पायडल मारताना दर फेऱ्याला "कट्" असा आवाज येत असेल, "मधूनच कटकट वाजायलीय" असं जे सगळे म्हणतात, तर बहुतेक वेळा कॉटर ढिला असतो. तो काढायची एक पद्धत आहे. नट पूर्ण काढायचा नाही, पिनेच्या टोकाशी सपाट आणून ठेवायचा म्हणजे आटे वाचतात. क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीला टेकवून उभा करायचा, आणि मग एकच खणखणीत ठोका. आधार न देता ठोकत बसलं की मार छर्‍यांवर जातो आणि वाट्यांत खड्डे पडतात. नवा कॉटर घासून बसवावा लागतो, आणि दोन्ही बाजूंचे कॉटर एकमेकांच्या उलट दिशेनं घालायचे. नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत, चालवणारा लंगडल्यासारखा पायडल मारतो. नवा कॉटर दोन-चार दिवस चालवल्यावर थोडा बसतो. म्हणून आम्ही आठ दिवसांनी पुन्हा बोलावतो, त्याचे पैसे घेत नाही. लोक तरी येत नाहीत, आणि महिन्यानं कटकट घेऊन येतात.

घरी खोलायची हौस असेल त्यांच्यासाठी एकच सूचना. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सवयीप्रमाणे सोडवायला गेलात तर ती आणखी आवळते.

ब्रेकबद्दल गोड बोलणार नाही. सळईच्या ब्रेकचे गट्टे रिंगच्या आतल्या बाजूला दाबतात. सळयांचे सांधे घट्ट, गट्टे नवे आणि रिंगचा आऊट (वाकडेपणा) काढलेला असेल तर कोरड्या रस्त्यावर ते काम करतात. पावसात लोखंडी रिंग ओली झाली की सायकल पुष्कळ पुढं जाऊन थांबते. पावसाळ्यात सावकाश चालवा, उतारावर आधीपासून दाबत चला. आणि काळ्या रानातून सायकल काढू नका. ती माती मडगार्डमध्ये भरली की चाक जाम होतं, मग सायकल तुम्हाला खांद्यावर न्यावी लागते.

टायर २८ बाय दीडचे अजून सहज मिळतात. २६ इंची म्हणून टायर मागू नका, त्या नावाखाली वेगवेगळ्या मापांचे टायर येतात. जुन्या टायरवर लिहिलेलं पूर्ण माप किंवा टायरच घेऊन या. सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे यांच्यावर आमच्याकडंही इलाज नाही. हवा हळूहळू जात असेल तर आधी वालट्यूब (व्हॉल्व्हवरची रबरी नळी) बदला, पंक्चर मग शोधा.

रंगाचा विषय

आमच्या सुरुवातीच्या दिवसांत एका निवृत्त गुरुजींची हंबर आली होती. मुलांना वडिलांच्या वाढदिवसाला द्यायची होती. आम्ही खरवडली, लांबी (पुट्टी) भरली, चकचकीत काळा मारला, स्टिकर लावले. गुरुजी दुकानात आले, सायकलीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "छान आहे. पण ही आमची नाही वाटायली." मडगार्डवर हातानं ओढलेल्या सोनेरी रेघा होत्या, दांडीवर त्यांच्या धाकट्या बहिणीच्या पैंजणानं पडलेले ओरखडे होते. सगळं आम्ही घासून टाकलं होतं. पैसे घेतले, पण तेव्हापासून खरवडणं बंद.

आता आम्ही मूळ रंग साबणाच्या कोमट पाण्यानं, मऊ फडक्यानं धुतो आणि वर मेण चढवतो. फिकट पडलेला काळा रंग यानंच खुलतो. क्रोमवरच्या गंजाला जेवण गुंडाळायचं फॉइल पाण्यात बुडवून घासायचं, वरवरचा गंज निघतो आणि क्रोमला चरे पडत नाहीत. जिथं पत्रा उघडा पडलाय तिथं तेवढाच डाग रंगवतो. कातडी सीटला गोडेतेल पाजू नका, ती ढिली पडून लोंबते. चामड्याचं मलम पातळ लावा, आणि सायकल उन्हात उभी करू नका. सीटच्या नाकाखाली ताण द्यायचा नट असतो, तो वर्षातून एखादा पाव फेरा, त्याहून जास्त नाही.

तरीही नवाच रंग हवा असेल तर दुसरीकडं नक्की होईल, आम्ही पत्ता सांगू.

मजुरी आणि सामान

सायकल बघितल्याशिवाय भाव सांगत नाही. खोलून झाल्यावर मजुरी वेगळी आणि सामान वेगळं असं कागदावर लिहून देतो, तुमचा होकार आल्यावर पुढचं काम. काढलेलं जुनं सामान पिशवीत भरून परत मिळतं. साधं ओव्हरऑइल तीन-चार दिवसांत होतं. बीबीच्या वाटीसाठी किंवा गिअर हबच्या सुट्या भागासाठी कधी महिनाही लागतो, त्याबद्दल रोज फोन करू नये ही विनंती. मूळ जातीचा भाग मिळाला नाही तर देशी भाग बसवण्याआधी विचारतो.

सायकल आणताना घरात धुऊन आणू नका. सांधे, नंबर, रेघा यांच्यावरची माती आम्हीच काढू. डायनॅमो, तुटकी घंटी, गंजलेला चेनकव्हर, चिंधी झालेलं कॅरियर, जे काही तिच्याबरोबर कोपऱ्यात सापडेल ते सगळं पोत्यात भरून आणा. आणि शक्य असेल तर जे ती सायकल चालवायचे त्यांनाही आणा. सीट कितीवर होती, हे त्यांनाच माहीत असतं.