ॲरिझोनात बासच्या मासेमारीचा परवाना: अर्ज नेमका कुठे अडतो

फिनिक्सच्या पूर्वेला सॉल्ट नदीवर ओळीने चार धरणं आहेत: रूझवेल्ट, अपाचे, कॅन्यन आणि सवारो. शहराच्या उत्तरेला लेक प्लेझंट. चहूकडे खडक, निवडुंग आणि उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत जाणारं ऊन, आणि मधोमध हे खोल निळं पाणी. रूझवेल्टचं धरण १९११ सालचं. इथला बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा मूळचा इथला नाही. धरणं झाल्यावर तो आणून सोडला आणि बुडालेल्या झुडपांत, खडकांच्या कपारींत असा रुजला की आज लोक त्याच्यासाठी दुसऱ्या राज्यांतून येतात.

चँडलर, टेंपी, गिल्बर्ट भागातली बरीच मराठी कुटुंबंही आता गळ घेऊन या पाण्यावर जातात. परवाना ‘ॲरिझोना गेम अँड फिश’ हा राज्याचा विभाग देतो. कागद साधा आहे, ऑनलाइन मिळतो, मुलाखत नाही की परीक्षा नाही. तरीही अर्ज अडकतात. त्याहून वाईट म्हणजे परवाना हातात असूनही काठावर लोक दोषी ठरतात, कारण परवाना चुकीच्या वर्गातला, चुकीच्या दिवसाचा किंवा चुकीच्या पाण्याचा असतो. म्हणून जिथे लोक अडतात तिथेच इथे जास्त वेळ घालवला आहे.

परवाना कोणाला लागतो? दहा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला. मासा खाणार नाही, लगेच सोडून देणार, असं असलं तरी लागतो. मासे मिळाले नाहीत तरी लागतो. पुण्याहून आलेल्या बाबांनी फोटोपुरता का होईना, पाण्यात टाकलेला गळ हातात धरला की ते मासेमारी करत आहेत, असंच समजा. आपल्याकडे धरणाचं पाणी मच्छीमार संस्थेला ठेक्याने दिलेलं असतं, पण काठावर हौसेने गळ टाकून बसलेल्या आजोबांना सहसा कोणी कागद विचारत नाही. ती सवय इथे महागात पडते. दहा वर्षांखालच्या मुलांना परवाना नको. दहा ते सतरा वयाच्या मुलांसाठी शिकार आणि मासेमारीचा एकत्रित स्वस्त परवाना आहे.

आता पहिली मोठी अडचण: रहिवासी की बिगररहिवासी? अर्जात हा एक साधा पर्याय दिसतो आणि बहुतेक जण विचार न करता ‘रहिवासी’वर टिचकी मारतात, कारण घर इथे आहे, नोकरी इथे आहे, गाडीचं लायसन्सही ॲरिझोनाचं आहे. पण कायद्यात रहिवासी म्हणजे अर्जाच्या तारखेच्या आधी सलग सहा महिने या राज्यात अधिवास असलेला आणि शिकार-मासेमारीसाठी दुसऱ्या कुठल्याही राज्यात रहिवाशाची सवलत न घेणारा माणूस. ड्रायव्हिंग लायसन्स राज्यात आल्याबरोबर काढता येतं. त्यामुळे ते खिशात आहे म्हणजे सहा महिने झाले, असं अजिबात नाही. न्यू जर्सीहून मार्चमध्ये आलेल्या माणसाने जूनमध्ये रहिवाशाचा परवाना घेतला, तर त्याने खोटी माहिती दिली असाच त्याचा अर्थ होतो. दुसरी अट तर कोणी वाचतच नाही. टेक्सासमध्ये असताना काढलेला तिथला रहिवासी परवाना अजून चालू असेल, तर इथे रहिवासी म्हणवून घेण्याआधी थांबा.

महाराष्ट्रात डोमिसाइल म्हटलं की तहसीलचे हेलपाटे आठवतात. पण निदान तिथे शेवटी शिक्क्याचा दाखला तरी हातात पडतो. इथे असा दाखला नाही. तुम्हीच सांगायचं आणि त्या सांगण्याची जबाबदारीही तुमचीच. सोपं वाटतं आणि तिथेच लोक फसतात. खोटी माहिती देऊन घेतलेला परवाना कायद्याने दिल्या तारखेपासूनच रद्दबातल धरला जातो आणि तो तसा घेणं हा गुन्हा आहे. व्हिसावर असलेल्या माणसाच्या नावावर छोटासाही गुन्हा नोंदला जाणं किती त्रासाचं ठरू शकतं, हे वेगळं सांगायला नको. २०१४ साली ठरलेल्या दरांत वर्षाचा मासेमारी परवाना रहिवाशाला ३७ डॉलरला आणि बिगररहिवाशाला ५५ डॉलरला होता. फरक अठरा डॉलरचा. तारखेबद्दल जराही शंका असेल तर बिगररहिवासी म्हणून पैसे भरा आणि शांतपणे मासे धरा. सहा महिने झाले असतील तर घरभाड्याचा करार किंवा विजेचं जुनं बिल फोनमध्ये जपून ठेवा. (दर बदलू शकतात. पैसे भरण्याआधी विभागाच्या संकेतस्थळावर चालू आकडा पाहा.)

दुसरी अडचण सोशल सिक्युरिटी नंबरची, म्हणजे अमेरिकेत काम आणि करांसाठी सरकार देतं त्या नऊ आकडी नंबरची. मासे धरायला हा नंबर कशाला, असा प्रश्न प्रत्येकाला पडतो आणि रास्तच आहे. कारण माशांशी संबंधित नाही. मुलांच्या पोटगीची वसुली सोपी व्हावी म्हणून अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने सगळ्या राज्यांना परवान्यांच्या अर्जात हा नंबर घ्यायला लावलं आहे आणि त्यात मासेमारीचे परवानेही येतात. अर्जात हे दोन ओळींत समजावून सांगितलं असतं तर कितीतरी लोकांचा गोंधळ वाचला असता.

घोळ होतो तो ज्यांच्याकडे हा नंबर नाहीच त्यांचा: नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांचे, स्वतः कामाची परवानगी नसलेले एच-४ व्हिसावरचे जोडीदार आणि भारतातून भेटीला आलेले आई-वडील. मग घाईत कोणी मुलाचा नंबर वडिलांच्या अर्जात टाकतं, कोणी आयकरासाठी मिळालेला आयटीआयएन त्या रकान्यात भरतं, कोणी नऊ शून्यं टाकून पुढे जाता येतं का ते पाहतं. कृपा करून यातलं काहीही करू नका. नियमात हा नंबर ज्याला लागू असेल त्याच्याकडूनच मागितला आहे. नंबर न मिळालेल्या माणसाला परवान्याची दारं बंद नाहीत. ऑनलाइन फॉर्म पुढे सरकत नसेल तर मूळ पासपोर्ट घेऊन विभागाच्या कार्यालयात जा आणि मला हा नंबर दिलेलाच नाही, असं स्वच्छ सांगा. खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानांतही परवाने मिळतात, पण असं थोडं वेगळं प्रकरण असेल तर कार्यालयच बरं. दुकानातल्या तरुण मुलाला एच-४ म्हणजे काय हे ठाऊक असेलच असं नाही आणि शनिवारी सकाळी मागे रांग असताना तो ते शोधत बसणार नाही. आई-बाबा येणार असतील तर हे काम ते आल्यावर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी उरका. सहलीच्या सकाळवर ठेवू नका.

तिसरी गोष्ट नावाची आणि तारखेची. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं, काही जुन्या पासपोर्टांवर आडनावाचा रकाना रिकामा असतो. अर्जात पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा, घरात हाक मारतात तसं नको. जन्मतारखेत इथे महिना आधी येतो. ५ ऑगस्टला जन्मलेल्या आईने ०५/०८ लिहिलं की ती ८ मेची होते. मग पासपोर्ट आणि परवाना जुळत नाहीत आणि काठावर परवाने तपासायला आलेल्या वॉर्डनला तो दुसऱ्याच कोणाचा तरी परवाना वाटतो. उंची फूट-इंचांत, वजन पौंडांत. डोळ्यांचा आणि केसांचा रंगही विचारतात. पिकलेले केस असतील तर पिकलेलेच लिहा.

चौथी अडचण मुदतीची. वर्षाचा परवाना घेतल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतो, डिसेंबरअखेर संपत नाही. इथवर ठीक. फसवतो तो एका दिवसाचा परवाना. लोकांना वाटतं, संध्याकाळी पाचला घेतला म्हणजे उद्या संध्याकाळी पाचपर्यंत चालेल. तसं नाही. त्याचा दिवस मध्यरात्री सुरू होतो आणि मध्यरात्री संपतो. वाळवंटात ही बारीक गोष्ट फार जड जाते, कारण जून-जुलैत शहाणा माणूस दुपारी पाण्यावर जातच नाही. बासही उन्हात खोल जातो आणि सूर्य मावळल्यावर उथळ पाण्यात चरायला येतो. म्हणून लोक रात्रीची मासेमारी करतात. रात्री आठला गळ टाकला, रंग चढला, बारा वाजून गेले की परवाना संपला. रात्रभर बसायचं असेल तर दोन्ही तारखांचे परवाने घ्या. आणि त्याआधी साधा हिशेब करा: २०१४ च्या दरांत बिगररहिवाशाला एका दिवसाचे २० डॉलर, म्हणजे तीन दिवसांचे ६०, आणि अख्ख्या वर्षाचे ५५. आई-बाबा दोन महिने राहणार असतील आणि त्यांना या खेळाची गोडी लागेल असं वाटत असेल, तर वर्षाचाच काढा.

बाकी अर्ज सोपा आहे: विभागाच्या संकेतस्थळावर खातं उघडा, वर्ग निवडा, कार्डाने पैसे भरा. परवाना फोनवर दाखवता येतो, पण अपाचे लेकच्या दऱ्यांत सिग्नलचा भरवसा नाही. स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत जवळ हवीच. आणि परवाना ज्याचा त्याचाच. नवऱ्याच्या परवान्यावर बायकोचा गळ चालत नाही.

आता पाणी कोणाचं, हा प्रश्न. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते, कारण इथे मेहनती आणि प्रामाणिक माणूसही चुकतो. राज्याचा परवाना म्हणजे राज्याच्या नकाशातलं सगळं पाणी नव्हे. हिला नदीवरच्या कूलिज धरणामागचं सॅन कार्लोस लेक बाससाठी नावाजलेलं आहे, पण ते सॅन कार्लोस अपाचे या मूळनिवासी जमातीच्या भूमीवर आहे. तिथे जमातीचं स्वतंत्र परमिट लागतं आणि राज्याचा परवाना दाखवून काही उपयोग होत नाही. ही तांत्रिक बाब नाही. ती त्यांची जमीन आहे आणि तिथे नियम करण्याचा अधिकार त्यांचा आहे. परमिट आधी काढा, मगच गाडी तिकडे वळवा.

लेक मीड ॲरिझोना आणि नेव्हाडाच्या सीमेवर आहे. दोन्हींपैकी एका राज्याचा परवाना असेल तर बोटीतून मासेमारी चालते. काठावरून करायची असेल तर मात्र तो काठ ज्या राज्याचा, त्याच राज्याचा परवाना हवा. लास व्हेगासच्या मित्राकडे गेलेला फिनिक्सचा माणूस नेमका इथे अडकतो: परवाना ॲरिझोनाचा आणि खुर्ची मांडलेली नेव्हाडाच्या काठावर. लेक पॉवेलवर हा त्रास नाही, तिथे ॲरिझोना किंवा युटा, कुठल्याही एका राज्याचा परवाना चालतो. पण वयाची अट दोन्हीकडे वेगळी आहे. युटात बारा, ॲरिझोनात दहा. दहा-अकरा वर्षांचं मूल बरोबर असेल तर ॲरिझोनाचा मुलांचा परवाना काढून मोकळे व्हा. २०१४ च्या दरांत तो पाच डॉलरचा होता. त्यासाठी वाद घालत बसू नये.

परवाना आणि प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात असू द्या. सॉल्ट नदीवरची धरणं टोंटो राष्ट्रीय वनात येतात. तिथे पाण्याकाठच्या बहुतेक जागी गाडी लावायला वन विभागाचा वेगळा पास लागतो आणि तो निघण्याआधीच घेतलेला बरा. तिथे पोहोचल्यावर तो मिळेलच असं धरून चालू नका. लेक प्लेझंटला मॅरिकोपा काउंटीच्या फाटकावर प्रवेश शुल्क भरावं लागतं. मासेमारीचा परवाना दाखवून यातलं काहीच माफ होत नाही.

बोट असेल तर आणखी थोडं. ॲरिझोनात मोटर असलेल्या प्रत्येक बोटीची नोंदणी याच गेम अँड फिश विभागाकडे करावी लागते. वल्ह्याच्या कयाकला बॅटरीवर चालणारी छोटी मोटर बसवली की तीही मोटरबोटच. बारा आणि त्याखालच्या मुलांनी चालत्या बोटीत लाइफ जॅकेट अंगात घातलेलंच हवं, शेजारी ठेवलेलं चालत नाही. पाण्यातून बाहेर काढल्यावर बोटीच्या तळाचं बूच काढून सगळं पाणी तिथेच सोडायचं. २००७ साली लेक मीडमध्ये क्वागा नावाचे परके शिंपले सापडले आणि तेव्हापासून ते एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात बोटींबरोबर पसरत आले आहेत. ते पाइप बुजवतात आणि माशांच्या पिल्लांचं अन्न गाळून खातात. लेक पॉवेलवर बुलफ्रॉगसारख्या युटाच्या बाजूने बोट उतरवायची असेल तर युटाचा या शिंपल्यांविषयीचा ऑनलाइन अभ्यासक्रम दरवर्षी पूर्ण करावा लागतो. तो घरूनच करून निघा. धरलेला बास बादलीत जिवंत घरी आणायचा नाही, आणि खडकांखाली सापडणारे, झिंग्यासारखे दिसणारे क्रेफिशही जिवंत नेऊ नका. किती मासे आणि किती लांबीचे ठेवता येतात, हे पाण्याप्रमाणे बदलतं. म्हणून त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत आपल्या धरणाचं नाव शोधून वाचा.

आई-बाबांना हे आवडेल की नाही अशी शंका असेल तर एक चांगली वाट आहे. जूनच्या सुरुवातीला एका शनिवारी ॲरिझोनात राज्याच्या पाण्यावर विनापरवाना मासेमारी करू देतात. तारीख विभागाच्या संकेतस्थळावर येते. त्या दिवशी पहाटे लवकर पोहोचा, नऊनंतर ऊन सोसवत नाही. सूट फक्त परवान्याची आहे. गाडीचा पास, माशांची मर्यादा, बोटीचे नियम तसेच राहतात आणि सॅन कार्लोसवर त्या दिवशीही परमिट लागतंच.