ढवळ्याशेजारी बांधलेला शब्द

सहामाहीचे पेपर तपासत होतो. सातवीतल्या एका मुलानं 'संबंध' या शब्दाला समानार्थी शब्द लिहिले होते: नातं, संपर्क, सोयरीक, लागेबांधे. पूर्ण गुण दिले. पान उलटलं तर 'आमची शाळा' हा निबंध आणि त्यात वाक्य, 'आमच्या हेडसरांचे गावातल्या सगळ्या लोकांशी लागेबांधे आहेत.' पोरानं मनापासून कौतुक केलं होतं, पण वाचणाऱ्याला त्यात काहीतरी काळंबेरं ऐकू येतं.

चूक त्याची नव्हती. समानार्थी शब्दांच्या याद्या आम्हीच पाठ करून घेतो. कोणता शब्द कुठं चालत नाही, हे मात्र कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

'लागेबांधे' फोडून पाहा. लागणं आणि बांधणं, दोन्ही साधी क्रियापदं. पण वर्षानुवर्षं हा शब्द ठेकेदार, वाळू, पुढारी असल्या शब्दांच्या दावणीला राहिला आणि त्यांचा वास त्याला लागला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपल्याकडं म्हणतात. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जॉन रूपर्ट फर्थ यांनी १९५७ साली शब्दांबद्दल हेच मांडलं: शब्द ओळखायचा तर तो कुणाच्या संगतीत वावरतो ते बघा. फर्थ १९२० च्या दशकात लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते.

ही कसोटी कुणालाही लावता येते. एक शब्द काढा, त्याच जागी दुसरा ठेवा आणि वाक्य कानाला कसं लागतं ते बघा. 'रात्री रानात पाणी द्यायला जायचंय, कुणाची तरी सोबत पाहिजे' हे बरोबर. तिथं 'संगत' ठेवली की वाक्य अडखळतं. सोबत वाटेपुरती असते, तिनं माणूस बदलत नाही. संगत मात्र 'लागते', आणि लागली की सुटत नाही. 'संसर्ग' तर आणखी पुढं गेला. संस्कृतात त्याचा अर्थ नुसता सहवास, मिसळणं. आज मराठीत तो रोगाशिवाय क्वचितच भेटतो, आणि कोरोनाच्या साथीनंतर 'संपर्क'सुद्धा त्याच वाटेवर दोन पावलं चालून आला.

सगळ्यात बारीक करामत 'संबंध' या शब्दातच आहे. 'या भानगडीशी माझा संबंध नाही' म्हणजे देणंघेणं नाही. 'आमचे संबंध चांगले आहेत' म्हणजे जाणंयेणं, जिव्हाळा. आणि 'त्याचे तिच्याशी संबंध आहेत' म्हटलं की पारावरची माणसं बोलायची थांबतात. 'संबंध' हे रूप तिन्ही ठिकाणी तेच आहे. एकवचन-अनेकवचनाचा फरक शेजारच्या 'माझा' किंवा 'त्याचे' या शब्दानं दाखवला, उरलेलं 'तिच्याशी'नं केलं, आणि तेवढ्यानं अर्थाची कुळीच बदलली.

त्या चा-ची-चेबद्दलही सांगायलाच हवं. व्याकरणात ती षष्ठी. क्रियेशी सरळ नातं नाही म्हणून जुन्या वैयाकरणांनी तिला कारकात घेतलं नाही. तिचं काम नुसता संबंध दाखवणं. पण संबंध कसला? 'माझं शेत' यात मालकी आहे, 'माझा गाव' यात नाही. 'ज्वारीची भाकरी' ज्वारीपासून झाली, 'बीडचे पाहुणे' बीडहून आले, आणि 'आईचा मार' आईनं दिला. पतंजलीनं महाभाष्य या व्याकरणाच्या ग्रंथात षष्ठीचे एकशे एक अर्थ म्हटले आहेत. एवढासा प्रत्यय, आणि जोडण्याच्या इतक्या तऱ्हा तो वाहून नेतो.

संबंध, बंधू, निर्बंध, ऋणानुबंध आणि शेताचा बांध, सगळ्यांच्या मुळाशी संस्कृतचा 'बन्ध्' हा धातू, म्हणजे बांधणं. फारसीत त्याचाच भाऊ आहे, 'बंद'. 'बंदोबस्त' या शब्दात 'बंद' आणि 'बस्त' ही दोन्ही एकाच फारसी क्रियापदाची रूपं आहेत, म्हणजे बंधू आणि बंदोबस्त दूरचे भाऊबंद ठरतात. 'योग' आणि 'संयोग' यांचंही तसंच. युग म्हणजे संस्कृतात बैलांच्या मानेवरचं जू, आणि आपला 'जू' हा शब्द त्यातूनच झिजून आला. दोन बैल जुवाखाली आले, शिवळा घातल्या, जोती आवळली, म्हणजे झाला योग! इंग्रजीतला 'योक'ही त्याच घराण्यातला.

मराठवाड्यात या कुळात अरबी-फारसीची भर जास्त जाणवते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथला कारभार निजामाचा होता आणि सरकारी भाषा उर्दू होती. यातले बरेच शब्द त्याच्या कितीतरी आधी मराठीत मुरले होते, पण इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ते अजून ताजे आहेत. 'माझा त्याच्याशी काही वास्ता नाही' हे वाक्य आमच्याकडं सहज ऐकायला मिळतं. 'राबता' अरबीत बांधणारा दुवा, मराठीत तो माणसांची ये-जा झाला: 'त्यांच्या घरी पाहुण्यांचा राबता असतो.' 'वशिला' मुळात साधन, माध्यम. इथं ती ओळखीच्या जोरावर पुढं सरकण्याची शिडी झाली. आणि ज्या 'तालुक्या'ला आपण दाखल्यासाठी खेटे घालतो, तो शब्द उर्दूतल्या 'ताल्लुक'चाच सख्खा, म्हणजे संबंध, जोडलेला भाग.

शब्दांची ही शेजारसोबत नुसती कागदावर नसते, डोक्यातही असते. १९७१ साली मायर आणि श्वानेवेल्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अक्षरांच्या जोड्या दाखवल्या आणि विचारलं, हे दोन्ही खरे शब्द आहेत का? ब्रेड आणि बटर अशी नात्यातली जोडी आली की लोक लवकर 'हो' म्हणत. एक शब्द जागा झाला की शेजारचाही अर्धवट जागा होतो. आपल्याकडं 'भाकरी' म्हटल्यावर ठेचा आठवतो तसंच. ठेचा हा भाकरीचा समानार्थी शब्द नव्हे. सारखेपणा वेगळा आणि सोबत वेगळी, हे मेंदूला कळतं. संगणकाला ते जड जातं. २०१३ नंतर गाजलेल्या, शेजारच्या शब्दांवरून अर्थ शिकणाऱ्या पद्धती 'महाग' आणि 'स्वस्त' यांना जवळजवळ ठेवतात, कारण दोन्ही शब्द सोयाबीनच्या भावाशेजारीच येतात.

नात्यांच्या शब्दांत तर सोबतीपेक्षाही सीमा महत्त्वाच्या. भावकी रक्ताची, सोयरे लग्नानं जोडलेले. भावकीत सोयरीक होत नाही. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात 'सगेसोयरे' हा घरगुती शब्द सरकारदरबारी गेला आणि २६ जानेवारी २०२४ च्या सरकारी अधिसूचनेच्या मसुद्यात त्याची व्याख्या करावी लागली. वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांत जातीतल्या लग्नातून झालेले नातेवाईक, असा तिचा रोख होता. घरात जो शब्द कुणी कधी समजावून सांगितला नाही, त्याच्या एकेका अक्षरावर मग वाद झडले.

कामातून जुळणाऱ्या नात्यांचे शब्द मात्र आमच्या मुलांच्या यादीत कुठंच नसतात. सावड म्हणजे आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. इर्जिक म्हणजे अख्ख्या गावानं औतं घेऊन एकाच्या रानात उतरायचं आणि रानमालकानं सगळ्यांना जेवू घालायचं. ट्रॅक्टर आले तसे हे दोन्ही शब्द बोलण्यातून विरत चालले.

ऊसतोडीतला शब्द मात्र जिता आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातली माणसं टोळ्या करून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. मुकादमाच्या वहीत उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, लिहिली जाते ती कोयत्यावर, आणि 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. एकटा माणूस असला तर तो 'अर्धा कोयता'.

निबंध लिहिणाऱ्या त्या पोराचे आईबाप कोयत्यावर गेलेत, तो आजीजवळ राहतो. पुढच्या तासाला फळ्यावर एकच शब्द लिहिणार आहे, 'कोयता'. त्याला लागून येणारे शब्द त्यालाच सांगायला लावणार आहे.