मूल होत नाही, म्हणजे दोष बाईचाच?

‘दिवस राहत नसतील तर दोष बाईचाच, पथ्यही तिनेच पाळायचं,’ हा समज सोलापुरात आजही घराघरांत फिरतो. तो चुकीचा आहे, आणि त्याचा त्रास सुनांना फार होतो.

अडचण असलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. संबंध नीट येतात म्हणून शुक्राणूही ठीकच असतील, असं नसतं. ते डोळ्यांना दिसत नाहीत.

शुक्राणू जिथे तयार होतात त्या वृषणांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं. सूत रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलरशेजारी काम असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. विडी, गुटखा, चघळायची तंबाखूही शुक्राणूंना घातक. जिममध्ये काही जण टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात. अंग भरतं, पण मेंदू वृषणांना संदेश देणं थांबवतो आणि शुक्राणू शून्यावरही येऊ शकतात. हे तरुणांना कुणी सांगतच नाही.

पुरुषासाठी पहिली पायरी म्हणजे वीर्यतपासणी. त्याआधी २ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळायचं. रिपोर्ट बिघडला तर तपासणी पुन्हा करायची. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे तंबाखू सोडल्याचा फरक पंधरा दिवसांत दिसणार नाही.

बाईने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड दिवस राहण्याआधीच सुरू करावं. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर, आणि तिचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच, डॉक्टरांकडे जावं. दोघांनी, पहिल्याच भेटीपासून.