वायरचा डिस्क ब्रेक कुरकुरतो, तेलाचा गप्प राहतो

डिस्क ब्रेकची सायकल घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न येतो, मेकॅनिकल (वायरचा) घेऊ की हायड्रॉलिक (तेलाचा)? उत्तरही ठरलेलं असतं: हायड्रॉलिक घे, ताकद जास्त. ते खोटं नाही. पण नीट लावलेला वायरचा ब्रेकसुद्धा चाक जागच्या जागी थांबवतो, त्यामुळे नुसत्या ताकदीवर निवड करण्यात फारसा अर्थ नाही. या दोघांचे स्वभाव वेगळे आहेत, हे पॅड झिजायला लागल्यावर कळतं.

दुरून दोन्ही सारखेच दिसतात. हबला चकती, तिला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा कॅलिपर, आत दोन पॅड. ओळखायचं असेल तर कॅलिपरजवळ वाका. तिथं बाहेर आलेला छोटा दांडा असेल आणि त्यात वायरचं टोक बोल्टखाली आवळलेलं असेल, तर मेकॅनिकल. दांडा नाही, नुसती नळी थेट कॅलिपरच्या पोटात शिरलेली असेल, तर हायड्रॉलिक.

वायरच्या ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड हलतो, बाहेरचा. दांडा फिरला की तो पॅड पुढे सरकतो, चकतीला ढकलतो, आणि चकती किंचित वाकून आतल्या बाजूच्या स्थिर पॅडवर जाऊन टेकते. म्हणजे प्रत्येक वेळी ब्रेक दाबताना चकती थोडी वाकणारच. ती कमीत कमी वाकावी म्हणून स्थिर पॅड चकतीच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवायचा, फक्त घासू द्यायचा नाही.

पॅड झिजले की लिव्हर जास्त खाली जायला लागते. इथं जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो (मीही कित्येक महिने केली). लिव्हरपाशी वायर जिथून बाहेर पडते तिथला गोल नट फिरवून वायर ताणून घ्यायची. चार दिवस बरं वाटतं. पण वायर ताणली की कॅलिपरचा दांडा ब्रेक न दाबताच अर्धवट फिरलेला राहतो, म्हणजे त्याच्या फिरण्यातली तेवढी जागा आधीच संपलेली असते. असं करत करत एक दिवस दांडा शेवटाला जाऊन अडतो. लिव्हर हाताला छान कडक लागते, आणि सायकल मात्र पुढे जातच राहते. तो नट वायर बसल्यावर आलेला थोडासा ढिलेपणा काढण्यासाठी आहे. पॅडची झीज भरून काढायची ती कॅलिपरवरच्या पॅड सरकवायच्या स्क्रूनं. स्थिर पॅडचा स्क्रू बहुधा स्पोकच्या बाजूला असतो. ॲलन की आत घालायला अडचण होते, म्हणूनच लोक तो टाळतात.

कॅलिपर मधोमध आणायची सगळीकडे सांगितली जाणारी युक्ती अशी: त्याचे दोन बोल्ट सैल करा, ब्रेक दाबून धरा आणि बोल्ट आवळा. हायड्रॉलिकला ती चालते, कारण तिथं दोन्ही पॅड सारखेच पुढे येतात. एकाच बाजूनं दाबणाऱ्या वायरच्या ब्रेकला ती तशीच लावली तर कॅलिपर वाकलेल्या चकतीच्या हिशेबानं बसतो. तिथं लिव्हरला हात लावायचा नाही. दोन्ही पॅड आपापल्या स्क्रूनं पुढे आणून चकती त्यांच्यात अलगद धरायची, मग कॅलिपरचे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीनं आवळायचे आणि शेवटी दोन्ही स्क्रू जरा मागे घ्यायचे. त्याआधी सायकल जमिनीवर उभी करून चाक खाचेत पूर्ण बसलंय ना, हे बघा. बसवून झालं की पलीकडे पांढरा कागद धरा आणि एक डोळा मिटून फटीतून बघा. चकतीच्या दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे. चाक फिरवताना खस्स-खस्स असा ठरावीक ठिकाणी आवाज आला तर चकती वाकडी आहे. सलग आला तर कॅलिपर सरकलेला आहे.

आता तेलाचा ब्रेक. लिव्हर दाबली की तेल दोन्ही बाजूंचे पिस्टन पुढे ढकलतं. प्रत्येक पिस्टनभोवती चौकोनी काठाचं रबरी सील असतं. पिस्टन पुढे जाताना ते त्याच्याबरोबर किंचित पिळतं आणि लिव्हर सोडली की पीळ सुटून पिस्टनला केसभर मागे ओढतं. वेगळी स्प्रिंग त्यासाठी लागत नाही. पॅड झिजला की पिस्टनला सील पिळण्यापेक्षा जास्त पुढे जावं लागतं, मग तो सीलमधून थोडा घसरतो आणि नव्या जागी मुक्काम करतो. मागे पडलेली जागा लिव्हरपाशी असलेल्या टाकीतलं तेल भरून काढतं. झीज ब्रेकनं आपली आपण सावरली, हाताला काहीच कळलं नाही.

आणि घात नेमका तिथंच होतो. माझ्या पुढच्या ब्रेकची लिव्हर पहिल्या दिवशी होती तशीच शेवटच्या दिवशीही होती. एका उतारावर अचानक लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला. चाक काढून बघते तर एका पॅडवर नुसती धातूची पट्टी उरलेली आणि चकतीवर बोटाला लागतील अशा खाचा. पॅडबरोबर चकतीही गेली. तेव्हापासून तेलाच्या ब्रेकला मी हातानं नाही, डोळ्यानं तपासते. पॅडवरचा घासणारा थर अर्धा मिलिमीटर उरला की पॅड बदलायचे. चकती नवी असताना बहुधा १.८ मिलिमीटर जाड असते आणि १.५ ला तिचं आयुष्य संपतं. नेमका आकडा बऱ्याचदा तिच्यावरच कोरलेला असतो.

नवे पॅड घालण्याआधी पिस्टन मागे सारावे लागतात. जुने पॅड आतच ठेवून त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा टायर लिव्हर (टायर उचकटायची पट्टी) घालून हळूहळू सारा, म्हणजे पिस्टनला ओरखडा पडत नाही. पॅड झिजलेले असताना कुणी टाकी काठोकाठ भरून ठेवली असेल, तर या वेळी तेल परत यायला जागा नसते. आणि चाक बाहेर असताना लिव्हर दाबायचीच नाही. मध्ये चकती नसली की पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत आत जात नाही.

तेलाच्या बाबतीत हयगय नको. शिमानो, मागुरा, टेक्ट्रोच्या ब्रेकमध्ये मिनरल तेल असतं, होपच्या ब्रेकमध्ये डॉट नावाचं वेगळं ब्रेक फ्लुइड. स्रॅममध्ये दोन्ही प्रकारची मॉडेलं आहेत, तेव्हा लिव्हरवर काय लिहिलंय ते वाचा. एकाच्या जागी दुसरं घातलं तर सील फुगतात आणि ब्रेक कायमचा बाद होतो. डॉट हवेतलं पाणी शोषतं, म्हणून ते ठरावीक काळानं बदलावं लागतं. सांडलं तर रंगही खातं.

लिव्हर स्पंजासारखी लागली तर तेलात हवा आहे, ब्लीडिंग करावं लागेल, म्हणजे ती हवा बाहेर काढावी लागेल. सायकल उलटी ठेवून पंक्चर काढल्यावर असं झालं, तर आधी ती सरळ उभी करून लिव्हर दहा-वीसदा दाबून बघा. बुडबुडा टाकीत परत जातोही. वायरचा ब्रेक स्पंजासारखा लागला तर दोष बहुधा आउटरचा, म्हणजे वायर जिच्यातून जाते त्या नळीचा, गंजलेल्या किंवा वेड्यावाकड्या कापलेल्या. तिथं गिअरचं ४ मिलिमीटरचं आउटर कधीही घालू नका. त्यातल्या तारा लांबीत उभ्या असतात, ब्रेकच्या जोरानं ते फाटू शकतं. ब्रेकचं आउटर ५ मिलिमीटरचं असतं, आत गोल गुंडाळलेल्या पट्टीचं.

मेकॅनिकल घेताना आणखी एक मेख. व्ही-ब्रेकची (चाकाच्या रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकची) लिव्हर वायर जास्त ओढते, रोड सायकलची कमी, आणि कॅलिपर दोघींसाठी वेगवेगळे येतात. रोडची लिव्हर चुकीच्या कॅलिपरला जोडली की ब्रेक लागण्याआधीच ती हँडलला टेकते.

दोन्ही पॅड हलवणारे वायरचे कॅलिपरही मिळतात. महिनाभर आडवाटेनं जायचं असेल तर मी तसलाच घेईन, कारण वायर तुटली तर खिशातली दुसरी घालता येते. रोज चालवायच्या सायकलला मात्र तेलाचाच. लांब उतारावर दोन बोटांत काम होतं.

ब्रेक कुठलाही असो, नवे पॅड घातले की मध्यम वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा सायकल हळू करा, पूर्ण थांबवू नका. पॅडचा पातळ थर चकतीवर बसला की मगच पकड येते. चेनवर स्प्रे मारताना चकतीवर तेल उडालं तर चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पॅड गॅसवर भाजून तेल जातं असं सांगणारे बरेच भेटतात. मी दोनदा भाजले. दोन्ही वेळा आठवडाभरात ब्रेक पुन्हा किंचाळायला लागला आणि शेवटी नवे पॅड घ्यावेच लागले.