पाथ व्हेरिएबल आणि इन्स्टॉल करतानाचे घोळ

पाथ हा ऑपरेटिंग सिस्टिममधला एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, सोप्या भाषेत फोल्डरांच्या पत्त्यांची एक लांबलचक ओळ. आपण टर्मिनलवर, म्हणजे कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत, कमांड टाईप केली की शेल (ती कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) ह्या ओळीतले फोल्डर क्रमाने धुंडाळतं, त्या नावाची फाईल जिथे आधी सापडेल ती चालवतं आणि पुढचं बघायच्या भानगडीत पडत नाही. दोन पत्त्यांच्या मध्ये विंडोजवर अर्धविराम लागतो, लिनक्स आणि मॅकवर कोलन. इन्स्टॉलरने 'फिनिश' दाखवलं तरी कमांड चालत नाही, ह्या तक्रारीमागे बऱ्याचदा हीच ओळ असते. प्रोग्रॅम डिस्कवर नीट बसलेला असतो, पण काखेत कळसा नि गावाला वळसा.

ही सोय आजच्या रूपात आली ती बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ साली. विंडोजच्या आधीच्या डॉस ह्या ऑपरेटिंग सिस्टिमने ती उचलली आणि डॉसकडून विंडोजकडे गेली.

सगळ्यात नेहमीचं उदाहरण विंडोजवरच्या पायथन ह्या प्रोग्रॅमिंग भाषेचं. त्याच्या नेहमीच्या इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत खाली 'ॲड पायथन टू पाथ' अशी चौकट असते, तिच्यावर आधीपासून टिक नसते आणि घाईत कोणी बघत नाही. मग पायथन टाईप केलं की 'नॉट रेकग्नाईज्ड' येतं, किंवा २०१९ नंतरच्या विंडोज १० वर थेट मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उघडतं, कारण विंडोजने त्या नावाची एक शॉर्टकटसारखी फाईल आधीच ठेवलेली असते. ह्या चौकटीपायी मी स्वतः दोनदा पायथन काढून परत टाकलंय, खरं तर नुसता पत्ता जोडला असता तरी भागलं असतं.

पत्ता जोडूनही कमांड चालत नाही तेव्हा माणूस खरा वैतागतो. ह्याचं कारण वारशात आहे. प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना त्याला सुरू करणाऱ्याकडून सगळ्या व्हेरिएबलची एक प्रत मिळते, मूळ नाही, प्रत. एकदा वाटणी झाली की नंतर सेटिंगमध्ये काहीही बदला, आधीपासून उघड्या असलेल्या काळ्या खिडकीला त्याचा पत्ताच नसतो. खिडकी बंद करून नवी उघडायची, आणि एडिटरच्या आतलं टर्मिनल वापरत असाल तर अख्खा एडिटरच बंद करून उघडायचा, कारण त्या टर्मिनलला प्रत एडिटरकडूनच मिळते. 'रिस्टार्ट करून बघ' हा सल्ला चालतो तो ह्याच्यामुळेच.

दुसरा घोळ क्रमाचा. विंडोजवर सिस्टिमचा पाथ आधी लागतो आणि युजरचा मागून, त्यामुळे युजरच्या पाथमध्ये जावा ह्या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेची नवी आवृत्ती घातली तरी सिस्टिमच्या पाथमधली जुनीच उत्तर देते. जावाचं अजून एक दुखणं म्हणजे जावा होम हा वेगळा व्हेरिएबल. त्यात जेडीकेचा (जावाच्या डेव्हलपमेंट किटचा) मुख्य फोल्डर द्यायचा असतो, त्याच्या आतला, चालणाऱ्या फाईली असलेला बिन फोल्डर नाही, आणि पाथमध्ये मात्र बिनच द्यायचा. बरोबर उलटं केलं की मेव्हन हे जावाचे प्रोजेक्ट बांधणारं साधन 'जावा होम नीट दिलेलं नाही' म्हणून अडून बसतं.

विंडोजवर व्हेरिएबल कायमचा बदलणारी सेटएक्स ही कमांड जपून वापरावी. ती नुसती एक इशाऱ्याची ओळ दाखवून १०२४ अक्षरांच्या पुढचा मजकूर कापते, आणि जुना पाथ वाचून त्याला नवा पत्ता चिकटवायची जी युक्ती सगळे सांगतात तिच्यात लांब पाथचं शेपूट कायमचं जाऊ शकतं, मग काल चालणारी भलतीच दोन-तीन सॉफ्टवेअर आज रुसतात. आधी जुना पाथ नोटपॅडमध्ये कॉपी करून ठेवलेला बरा.

लिनक्सवर एक्स्पोर्ट ही व्हेरिएबल ठरवायची कमांड लिहिली की ते त्या खिडकीपुरतंच टिकतं, कायम हवं तर बॅशआरसी ह्या बॅश शेलच्या सेटिंगच्या फाईलमध्ये लिहावं लागतं. मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून नव्या खात्यांचं शेल झेडएसएच झालं, त्यामुळे बॅशच्या फाईलमध्ये लिहिलेलं तिथे कोणी वाचतच नाही, झेडएसएचआरसीमध्ये लिहायचं. कमांड रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून चालवायला तिच्यापुढे सुडो लावलं की पुष्कळ लिनक्सवर वेगळाच, सुरक्षित म्हणून ठरवलेला पाथ लागतो, त्यामुळे साध्या युजरला सापडणारी कमांड रूटला सापडत नाही.

नक्की कोणती फाईल चालतेय ते बघायला विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये व्हेअर आणि लिनक्स-मॅकवर व्हिच, पुढे प्रोग्रॅमचं नाव. व्हेअरने दोन-तीन ओळी दाखवल्या तर सगळ्यात वरची चालतेय असं समजायचं.