स्टुडंट लोनची वसुली आणि तुमचे टॅक्स रिटर्न : ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे टॅक्स रिटर्नसाठी येणाऱ्या ग्राहकांमध्ये इंग्लंडमध्येच पदवी घेतलेल्या तरुण मंडळींची संख्या आता बरीच आहे, आणि त्यांना, तसेच पुष्कळदा त्यांच्या आईवडिलांना, स्टुडंट लोनविषयी पडणारे प्रश्न जवळजवळ सारखेच असतात. पुढील माहिती मुख्यतः सप्टेंबर २०१२ ते जुलै २०२३ या काळात इंग्लंडमध्ये पदवीचा अभ्यासक्रम सुरू केलेल्यांसाठी, म्हणजे ‘प्लॅन २’च्या कर्जदारांसाठी आहे. त्यानंतर सुरुवात केलेल्यांना ‘प्लॅन ५’ लागू होतो. त्यातील फरक ओघात सांगितले आहेत.

हप्ता कर्जावर नव्हे, उत्पन्नावर ठरतो

भारतात बँकेकडून शैक्षणिक कर्ज घेतलेल्या घरांना जी पद्धत ठाऊक असते, तिच्यात शिक्षण संपल्यावर ठरलेल्या मुदतीनंतर ठरलेला मासिक हप्ता सुरू होतो, आणि तो थकला की जामीन राहिलेल्या वडिलांकडे विचारणा होते. इथल्या कर्जाला जामीनदार नसतो, आईवडिलांवर कोणतीही कायदेशीर जबाबदारी नसते आणि ठरलेला हप्ताही नसतो. २०२४ च्या उन्हाळ्यात पदवी मिळालेल्या कर्जदाराची परतफेड एप्रिल २०२५ पासून लागू झाली. २०२५-२६ या करवर्षात प्लॅन २ ची उत्पन्नमर्यादा २८,४७० पौंड होती, आणि त्या मर्यादेच्या वर जेवढे उत्पन्न असेल तेवढ्याच भागाचे ९ टक्के वसूल होतात. २७,००० पौंड पगार असलेल्याला काहीच भरावे लागत नाही, ३४,००० पौंडांवर महिन्याला सुमारे ४१ पौंड कापले जातात आणि ६०,००० पौंडांवर सुमारे २३६. कर्ज तीस हजारांचे असो वा साठ हजारांचे, कपात तेवढीच राहते. नोकरी सुटली, बाळंतपणाची रजा घेतली किंवा कामाचे तास कमी केले, तर कपात आपोआप कमी होते किंवा थांबते, आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागावी लागत नाही. एप्रिल २०२६ पासून ही मर्यादा २९,३८५ पौंड झाली आहे. प्लॅन ५ ची मर्यादा २५,००० पौंड असून त्याची वसुली एप्रिल २०२६ पूर्वी कुणाकडूनच होत नव्हती.

परतफेड लागू झाल्यापासून प्लॅन २ मध्ये ३० वर्षांनी आणि प्लॅन ५ मध्ये ४० वर्षांनी उरलेली रक्कम माफ होते. व्याजाचा दर महिन्याच्या कपातीत काहीही बदल करत नाही. कर्ज माफीच्या आधी फिटणार की नाही, एवढेच त्यावर ठरते. प्लॅन २ मध्ये हा दर किरकोळ किंमत निर्देशांकापासून (म्हणजे महागाईच्या एका मोजमापापासून) सुरू होऊन उत्पन्नानुसार त्याच्या ३ टक्के वरपर्यंत जातो, तर प्लॅन ५ मध्ये तो निर्देशांकाएवढाच असतो. त्यामुळे नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत नियमित कपात होत असूनही थकबाकीचा आकडा वाढताना दिसतो, आणि तो पाहून अनेक पालक घाबरून एकरकमी पैसे भरण्याच्या गोष्टी करू लागतात. डोक्यावर कर्ज नको ही भावना आम्ही समजू शकतो, परंतु स्वेच्छेने भरलेली रक्कम परत मिळत नाही. ज्याचा पगार लवकर वाढून कर्ज मुदतीच्या बऱ्याच आधी फिटणार आहे, त्याचे व्याज त्यामुळे वाचेल. ज्याच्या कारकिर्दीत खंड पडण्याचा संभव आहे किंवा ज्याच्या क्षेत्रात पगारच बेताचे आहेत, त्याने भरलेला पैसा एरवी माफच होणार असलेल्या रकमेत जिरून जाईल. आम्ही हिशेबनीस आहोत, गुंतवणूक सल्लागार नाही, म्हणून ‘भरा’ किंवा ‘भरू नका’ असे आम्ही सांगत नाही. वेगवेगळ्या पगारांचे अंदाज मांडून मात्र देतो, आणि तो कागद पाहिल्यावर बहुतेकांची घाई ओसरते.

‘ते पगारातून जातं’ हे उत्तर पुरेसे नाही

आमच्या वार्षिक प्रश्नावलीत स्टुडंट लोन आहे का, असा प्रश्न असतो. बरेच ग्राहक तो रिकामा सोडतात किंवा ‘पगारातून जातं, तुम्हाला त्याचं काम नाही’ असे लिहून पाठवतात. ज्याचे उत्पन्न केवळ एका नोकरीतून येते आणि ज्याला रिटर्न भरावेच लागत नाही, त्याच्यापुरते हे खरे आहे. परंतु असा माणूस सहसा आमच्याकडे येतच नाही. जे येतात त्यांची नोकरीबरोबर शिकवणी, डिझाइनची कामे किंवा भाड्याने दिलेली सदनिका असते. आणि एकदा रिटर्न भरले, की ९ टक्क्यांची आकारणी केवळ पगारावर न होता एकत्रित उत्पन्नावर होते.

समजा, २०२५-२६ मध्ये पगार ३४,००० पौंड आणि शिकवणीचा नफा ६,००० पौंड आहे. मालकाने पगारापुरती कपात केली, पण शिकवणीच्या नफ्यावरचे सुमारे ५४० पौंड प्राप्तिकराव्यतिरिक्त वेगळे देणे लागतात. त्यांची मुदत ३१ जानेवारी २०२७ आहे, आणि पुढील वर्षाच्या कराचे जे आगाऊ हप्ते भरले जातात त्यांत स्टुडंट लोनचा समावेश नसल्यामुळे दरवर्षी ही रक्कम जानेवारीत एकदम समोर उभी राहते. भाडे, व्याज, लाभांश असे कष्टाविना मिळणारे उत्पन्न वर्षात २,००० पौंडांपर्यंत असेल तर ते या हिशेबात धरले जात नाही, मात्र त्याच्या वर गेले की संपूर्ण धरले जाते. मुलाच्या नावावर सदनिका घेऊन ठेवणाऱ्या पालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

याच्या उलट चूकही तितकीच होते. नोकरी बदललेले ग्राहक नव्या मालकाचा पी६० (करवर्षातील पगार व कपातींचा दाखला) पाठवतात आणि सगळे दिले असे समजतात. पी६० वर स्टुडंट लोनची कपात असते खरी, पण फक्त त्याच नोकरीतील. नोकरी सोडताना जुन्या मालकाने दिलेल्या पी४५ या दाखल्यावर कपात पुढे चालू ठेवावी एवढी खूण असते, रक्कम नसते. ती रक्कम जुन्या नोकरीच्या पेस्लिपांवरून कळते, आणि त्या बहुधा कंपनीच्या पोर्टलवर असतात, जिथे राजीनाम्यानंतर प्रवेश बंद होतो. ती रक्कम रिटर्नमध्ये आली नाही, तर आधीच भरलेले पैसे एचएमआरसी, म्हणजे ब्रिटनचे करखाते, पुन्हा मागते. आमचा जानेवारीतील सर्वाधिक वेळ अशा हरवलेल्या पेस्लिपांच्या शोधात जातो. कर्जाचे खाते सांभाळणाऱ्या स्टुडंट लोन्स कंपनीचे वार्षिक विवरण त्यांच्याऐवजी चालेल का, असे अनेकजण विचारतात. ते थकबाकीसाठी उपयुक्त आहे, पण रिटर्नमध्ये मालकाने कापलेला आकडाच लागतो.

म्हणूनच प्लॅन कोणता आणि वर्षभरातील प्रत्येक मालकाने किती कपात केली, हे हाती आल्याशिवाय आम्ही रिटर्न दाखल करत नाही. काहींना हा काटेकोरपणा जाचक वाटतो. अंदाजाने भरलेले रिटर्न मुदतीनंतर बारा महिन्यांपर्यंत दुरुस्त करता येते हेही खरे आहे, पण ती दुरुस्ती, तिचे व्याज आणि दरम्यानचा पत्रव्यवहार हे सारे मिळून एका पेस्लिपपेक्षा बरेच महाग पडते.

पदव्युत्तर शिक्षणासाठी वेगळे कर्ज घेतले असल्यास २१,००० पौंडांच्या वरच्या उत्पन्नावर आणखी ६ टक्के कापले जातात, तेव्हा तेही अवश्य कळवावे. तसेच एखाद्या महिन्यात बोनसमुळे कपात झाली, पण वर्षाचे एकूण उत्पन्न मर्यादेखालीच राहिले, तर ती रक्कम परत मागता येते. हा अर्ज ग्राहकाला स्वतःलाच ऑनलाइन करता येतो, त्यासाठी आम्हाला शुल्क देण्याची गरज नाही.

पुण्याला परतणाऱ्यांसाठी किंवा दुबईला नोकरी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. देश सोडल्याने वसुली थांबत नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहणार असाल, तर स्टुडंट लोन्स कंपनीला कळवून उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो, आणि त्या त्या देशासाठी वेगळी उत्पन्नमर्यादा लावली जाते. पुरावा दिला नाही, तर उत्पन्न कितीही असले तरी ठरावीक मासिक रक्कम मागितली जाते.

पी६० मालकाकडून ३१ मेपर्यंत मिळतो. तो, वर्षभरात सोडलेल्या प्रत्येक नोकरीच्या सर्व पेस्लिपा आणि प्लॅनचा क्रमांक ३० नोव्हेंबरपूर्वी आमच्याकडे आल्यास स्टुडंट लोनचा हिशेब व पुढील जानेवारीत किती रक्कम बाजूला ठेवावी याचा लेखी अंदाज नेहमीच्या शुल्कातच दिला जातो. जानेवारीत आलेल्या कागदपत्रांसाठी हा अंदाज मिळत नाही, आणि अपुऱ्या माहितीमुळे नंतर कराव्या लागणाऱ्या दुरुस्तीचे शुल्क वेगळे आकारले जाते.