ऑलिम्पिक ‘स्वच्छ’ शहरालाच मिळतं?

ऑलिम्पिकचा विषय निघाला की जळगाव-धुळ्याकडे पारावर एक वाक्य हमखास येतं: “आपल्याकडं खाबूगिरी, म्हणून यजमानपद मिळत नाही. ते जातं स्वच्छ अन् सुरक्षित शहराला.” खाबूगिरीबद्दल वाद नाही. पुढचं मात्र खरं नाही.

अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी घ्या. २००२ च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी तिथल्या आयोजन समितीनं यजमान शहर ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या मतदार सदस्यांना रोकड, भेटवस्तू, मुलांच्या शिक्षणाचा खर्च, अगदी दवाखान्याचं बिलसुद्धा पुरवलं. १९९८ च्या अखेरीस हे फुटलं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे दहा सदस्य गेले. काही हाकलले, काहींनी राजीनामे दिले. स्पर्धा मात्र तिथंच झाल्या! खटला चाललेले दोन आयोजक २००३ मध्ये निर्दोष सुटले, आणि २०३४ चं हिवाळी यजमानपदही याच शहराला मिळालंय.

सुरक्षेचंही तेच. १९७२ मध्ये म्युनिकला ११ इस्रायली खेळाडू-प्रशिक्षक मारले गेले, १९९६ मध्ये अटलांटाच्या पार्कमध्ये बॉम्ब फुटला. दोन्ही श्रीमंत देशांतली शहरं.

घोटाळ्यानंतर सदस्यांच्या शहरभेटी बंद झाल्या. २०१९ पासून तर आधी बंद दाराआड चर्चा, मग बहुधा एकच नाव मतदानाला. ब्रिस्बेनला २०३२ चं ऑलिम्पिक असंच मिळालं. लाचेला वाव कमी झाला असेल, पारदर्शकता वाढली असं मला वाटत नाही.

पारावरच्या बोलण्यात तथ्य आहे ते वेगळ्या जागी: डिसेंबर २०१२ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना निलंबित झाली होती, आणि ते निलंबन २०१४ मध्ये उठलं. आरोप असलेल्यांना पदाधिकारी निवडणं हा त्यातला कळीचा मुद्दा होता.